वाघोबापाशी बंद पडणारी मोटार

दसऱ्याच्या सकाळी आमच्या वसाहतीत नळाला पाणी उरायचं नाही. भद्रावतीच्या कारखान्यात कामाला असलेले सगळे पुरुष त्या दिवशी आपापली वाहनं धुवायचे. सायकल असो की स्कूटर, तिला झेंडूची माळ, हळदकुंकू आणि पुढ्यात फोडलेला नारळ. ज्यांच्याकडे वाहनच नव्हतं ते बायकोच्या शिलाई मशीनवर फुलं ठेवायचे. आमच्या दारात तर चक्क मोटार उभी होती, पण त्या दिवशी तिच्यावर पाण्याचा थेंब पडायचा नाही. एरवी बाबा तिला रोज पुसायचे. दसऱ्याला मात्र ती चिखलानं माखलेलीच राहिली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो आणि मोटार विवेकवादाचा मळका झेंडा होऊन दारात उभी राहायची.

माझा याला विरोध नव्हता. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या फडताळात खाली अंथरलेला कागद पत्रकाचा, बाबांच्या डब्यातल्या पोळ्या गुंडाळलेल्या जुन्या पत्रकात, आणि मला अक्षरओळख झाली तीही 'बंधूंनो आणि भगिनींनो' या ओळीवरून. देव न मानणं आमच्याकडे अंघोळीसारखं होतं, रोजचं आणि चर्चेपलीकडचं. मी चंद्रपूरला कॉलेजात जायला लागले तेव्हा तर बाबांपेक्षाही कडक झाले होते.

मोटार खरं म्हणजे बाबांच्या विवेकवादी मंडळाची होती. खेडोपाडी जाऊन मुलांना शिकवायचं, लोकांना अंधश्रद्धेतून बाहेर काढायचं, त्यासाठी स्वतःचं वाहन हवं, असं मंडळानं ठरवलं आणि नागपूरला कायमचं निघालेल्या एका डॉक्टरची ही म्हातारी मोटार घेतली. पाठीनं गोल, दम्यानं त्रस्त, आणि एक दार आतूनच उघडणारी. मोटार घ्यायच्या बैठकीला ओटीवर बसायला जागा नव्हती. मोटार ढकलायची वेळ आली तेव्हा मंडळात बाबा उरले. बाकीच्यांची निष्ठा अढळ होती, फक्त रविवारी त्यांना काम असायचं.

दुरुस्ती घरीच व्हायची, आणि त्यामागे तत्त्व होतं. चंद्रपूरचा मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी उदबत्ती ओवाळायचा. बाबांनी एकदा ते सहन केलं. पण काम झाल्यावर त्यानं आपुलकीनं बंपरला लिंबू-मिरची बांधली, तेव्हा बाबांनी त्याच्यासमोरच ती सोडली आणि लिंबू आईला सरबतासाठी आणून दिलं. मेकॅनिक म्हणाला की यापुढे या गाडीची जबाबदारी त्याची नाही. बाबा म्हणाले, ठीक आहे. तेव्हापासून आमच्या अंगणात मोटारीचा दवाखाना सुरू झाला, आणि आईची परात, चाळणी, गाळणी, घासलेटचा डबा एकामागून एक क्रांतीच्या कामी लागले.

बाबांची दुरुस्तीची पद्धत मंडळाच्या कामकाजासारखीच होती. आधी चर्चा, मग ठराव, मग पाना. चर्चेला बाबा, मी आणि शेजारच्या क्वार्टरातले काका. काका कारखान्यात बाबांच्याच मशीन शॉपमध्ये होते. सकाळी देवपूजा केल्याशिवाय ते चहाला शिवत नसत, आणि बाबांशी त्यांचं सख्ख्या भावासारखं पटायचं. बाबा पोंभुर्ण्याच्या बाजूला ज्या गावी शिकवायला जायचे तिथंच काकांची सासुरवाडी होती, म्हणून दर रविवारी तेही मोटारीत असायचे. इंजिन का फुरफुरतं यावर तिघांची मतं वेगळी निघाली की बाबा मतदान घ्यायचे. कार्बोरेटर एकदा दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं दोषी ठरला होता. तो निर्दोष निघाला, पण लोकशाहीत असं होतंच, असं बाबांचं म्हणणं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी बाबा एका वेगळ्याच कामात गुंतले होते. टाकीचं झाकण पावसाळ्यात एका खड्ड्यात उडून गेलं होतं आणि तिथं आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा कोंबलेला असायचा. मोटार बोळ्यावर बिनतक्रार चालत होती. पण बाबा खरादीवरचे, म्हणजे लेथवरचे कारागीर, केसाइतक्या फरकानं माल नापास करणारे. त्यांना तो बोळा डोळ्यात खुपायचा. त्यांनी भंगारातून पितळेचा तुकडा आणला. कारखान्याची खराद खाजगी कामाला वापरणं तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून चंद्रपूरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपात उभं राहून झाकण तयार केलं, घरी कानशीनं त्याच्या कडा मारल्या, खाली ट्रकच्या ट्यूबचा जाड वायसर बसवला. आयुष्यभर ज्या हातांनी घट्ट बसणारेच सुटे भाग बनवले त्यांच्याकडून दुसरं काय होणार. बाहेर नारळ फुटत होते तेव्हा बाबांनी ते झाकण मोटारीला चढवलं आणि आईला वरून तांब्याभर पाणी ओतायला लावलं; दसऱ्याचा नियम तेवढ्यापुरता मोडला. थेंब आत गेला नाही. काका कुंपणावरून म्हणाले, "भाऊ, एखादं फूल तरी ठेवा जी." बाबांनी पितळेवरून अंगठा फिरवला आणि मोटारीला हेच फूल पुरे आहे असं सांगितलं.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. चंद्रपूर सोडताना शेवटच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, ही बाबांची शिस्त. तिथून पुढं सागाचं जंगल लागतं, रस्ता हळूहळू चढतो आणि चढाच्या शेवटी मोहाच्या झाडाखाली वाघोबाचं ठाणं आहे. शेंदराचा दगड, शेजारी फळीवर कोरलेला वाघ. जंगलात जाणारी गोंड माणसं तिथं क्षणभर थांबून पुढं जायची. त्यांना वाघाच्या शेजारीच राहायचं होतं, त्यांच्या हात जोडण्याला काही अर्थ होता. बांबूच्या ट्रकवाल्यांना तिथं नाणं का फेकावंसं वाटायचं, हे त्यांनाच ठाऊक.

मोटारीनं त्या ठाण्यासमोर दोन आचके दिले आणि ती गप्प झाली.

बाबांनी बॉनेट उघडलं. वायर हलवून पाहिल्या, प्लग काढून पुसले. काका आडोशाला जाऊन येतो म्हणाले आणि आले तेव्हा त्यांचे हात नारळाच्या पाण्यानं ओले होते. बाबांनी चावी फिरवली. मोटार लगेच सुरू झाली. गावापर्यंत काका ओले हात रुमालाला पुसत बसले. त्यांचं ते शांत, कोणालाही न दुखावणारं समाधान मला असह्य झालं.

त्यानंतर आमच्या अंगणात जे झालं त्याला दुरुस्ती म्हणवत नाही, तो खटला होता. कार्बोरेटर परातीत घासलेटमध्ये बुडाला. पॉइंट पॉलिशपेपरनं घासले गेले. पेट्रोलचा पंप उघडून त्याचा पडदा उन्हाकडे धरून पाहिला गेला. पेट्रोल आईच्या चहाच्या गाळणीतून गाळलं आणि मग आठवडाभर चहालाही तोच वास येत राहिला. प्रत्येक सुट्या भागाची चौकशी झाली, फक्त झाकणाची नाही. झाकण नवीन होतं, आणि बाबांचं होतं. वसाहतीतल्या फेऱ्यांना मोटार घोड्यासारखी पळायची. रविवार आला की चढ चढायची आणि वाघोबासमोर येऊन बसायची. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू.

बाबा हार मानणाऱ्यांतले नव्हते. एका रविवारी मोटार थांबल्यावर त्यांनी जाहीर केलं की आज प्रयोग होईल. बॉनेट उघडायचं नाही, नारळ फोडायचा नाही, कोणीही खाली उतरायचं नाही. आम्ही तिघं काचा बंद करून, घामानं निथळत, विज्ञानासाठी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं बाबांनी चावी फिरवली आणि मोटार सुरू झाली. बाबांचा चेहरा उजळला. नारळाचा काही संबंध नाही हे सिद्ध झालं, असं ते म्हणाले. काकांनी खिडकीबाहेर पाहत कबूल केलं की त्यांनी मनातल्या मनात नवस बोलला होता. त्यानंतर पोंभुर्ण्याच्या फाट्यापर्यंत बाबा रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवत गेले.

नास्तिकांची मोटार देवानं अडवली, याहून मोठी जाहिरात कोणत्या देवाच्या नशिबी आली असेल. बातमी पसरली. बाबा शिकवायला जायचे त्या पुढच्या गावात एक पानठेला होता. त्याच्या मालकानं ठेला उचलून ठाण्यापाशी आणला आणि पानांच्या जागी नारळ मांडले. पूर्वी न थांबणारे ट्रकही थांबायला लागले. आम्ही दिसलो की तो उठून उभा राहायचा, आपल्या धंद्याचे संस्थापक आले अशा आदरानं.

मोहाच्या त्याच सावलीत एक म्हातारी फार आधीपासून बसायची. त्याच गावची, एकटी. उन्हाळ्यात चारं आणि टेंभरं ही रानफळं, हिवाळ्याच्या तोंडाला सीताफळं, असं तिचं टोपलं ऋतूप्रमाणं बदलायचं. तिची जीभ तिखट होती. बाबांचं डोकं बॉनेटमध्ये गेलं की ती आपल्या जागेवरून म्हणायची, "तुमच्या गाडीले माहीच सावली आवडते जी भाऊ. मीच बोलावते तिले दर इतवारी." आणि एकटीच हसायची. नारळवाला तेव्हा हसला नव्हता. तो ऐकत होता.

मग एका रविवारी नारळ चालला नाही. मोटार थांबली, नारळवाल्यानं स्वतःच्या हातानं फोडला, आणि काका घाईत म्हणाले, लावा भाऊ आता. बाबांनी चावी फिरवली. मोटार नुसती घरघरली. आणखी एक फुटला, पुन्हा घरघर. बाजूला दोन ट्रक उभे होते, त्यांचे ड्रायव्हर जवळ आले. मला वाटलं होतं, आज देवाची परीक्षा झाली आणि तो नापास झाला, आता लोक विचार करतील. लोकांनी विचार केलाच. वाघोबा खोटा असू शकत नाही, नारळ सडका नव्हता, मग अडचण दुसऱ्या कोणाची तरी असणार. नारळवाल्यानं टोपल्याकडे बोट दाखवलं.

"हे देवाचं काम नाई," तो ड्रायव्हरांना म्हणाला. "हे करणी हाये. बुढी सोताच सांगते, मीच बोलावते म्हून. भाऊले इचारा."

म्हातारीच्या तोंडावर अजून अर्धं हसू होतं. ते तिथंच थिजलं.

बाबांनी तिथं भाषण केलं. चांगलं केलं. करणी, भानामती, पिढ्यानपिढ्यांची गुलामगिरी, सगळं आलं. शेवटी नारळवाल्यानं एकच विचारलं, "मंग इथीच काऊन बंद पडते, ते सांगा." बाबा पुन्हा गुलामगिरीपासून सुरू झाले. ज्या माणसाकडे कारण नाही त्याच्या भाषणाचा उपयोग काय असतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. बोलत बोलत आम्ही इतका वेळ काढला की मोटार आपसूक सुरू झाली. म्हातारी तेव्हा टोपलं उचलून निघाली होती, त्यामुळे तोही पुरावा तिच्याविरुद्ध गेला.

पुढच्या रविवारी काका आजारी होते. मोटारीत बाबा आणि मी, दोघंच. चढाच्या शेवटी मोटारीनं नेहमीचे आचके दिले, पण या वेळी ठाण्याच्या जरा अलीकडे, वळणावर. नारळाची गाडी तिथून दिसत नव्हती. बाबांना शंका आली की टाकी कुठंतरी गळते आहे. ते मागं गेले, बांबूची काडी घातली की किती उरलंय ते कळेल, म्हणून झाकण फिरवलं.

सुस्स असा लांब आवाज आला. टाकीनं हवा आत ओढून घेतली, पाण्याखालून डोकं वर काढलेल्या माणसासारखी.

मी कॉलेजात विज्ञान शाखेला होते, निर्वाताच्या प्रश्नाला नुकतेच चांगले मार्क मिळाले होते. माझ्या लक्षात आलं. पेट्रोल कमी होतं तशी टाकीत जागा रिकामी होते, तिथं हवा शिरायला वाट हवी. बोळ्यातून ती शिरत होती. पितळेतून शिरत नव्हती. दर वेळी त्याच पंपावर काठोकाठ भरायचं, झाकण आवळायचं, तेवढंच अंतर जायचं, मग टाकी पेट्रोल सोडायला नकार देणारच. थांबलं की वायसरच्या कडेनं कशीबशी हवा झिरपणार आणि मोटार पुन्हा चालणार. बाबांच्याही लक्षात आलं होतं. त्यांनी चावी फिरवली, मोटार पहिल्याच झटक्यात सुरू झाली. मग ते खाली उतरले, झाकण हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. मी वाट पाहत होते की ते आता ओरडतील, हसतील, मला मिठी मारतील. वाघोबा सुटला होता, म्हातारी सुटली होती, दोन हजार वर्षांचा अंधार एका सुस्स आवाजानं संपला होता.

बाबांनी झाकण रुमालानं पुसलं, परत लावलं, पण पूर्ण आवळलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पेट्रोलात पानी होतं."

मला खोटं बोलणारा भटजी माहीत होता, खोटं बोलणारा पुढारी माहीत होता. खोटं बोलणारा विवेकवादी मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तो मोटार चालवत होता.

ठाण्यापुढून आम्ही न थांबता गेलो. नारळवाला गाडीकडे पाहत राहिला. म्हातारीची जागा रिकामी होती. गावात कळलं की आठवड्यात कोणाची तरी गाय मेली, लोक जमले, नारळवाल्यानं रस्त्यावर ऐकलेलं सांगितलं. म्हातारीचं टोपलं नाल्यात फेकलं, विहिरीवर तिला येऊ दिलं नाही. ती पलीकडच्या गावी बहिणीकडे निघून गेली होती. तिच्या हातचं कोणी काही खायचं नाही, असं ठरलं होतं. आणि आज मोटार न थांबता आली. पारावरची माणसं ते आम्हालाच आनंदानं सांगत होती. बुढी गेली आणि तुमची गाडी सरकन आली, पाहा.

बाबा खडू हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले की पेट्रोलात पाणी होतं. पारावरून कोणीतरी म्हणालं, "हो जी. बुढीसंगं पानीबी गेलं."

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, बाबांच्या समोर. बाबा नाकारत नव्हते. ते म्हणाले की आपण याला योग्य मार्गानं वाचा फोडू, आणि ओटीवर बसून लिहायला लागले. संध्याकाळी त्यांनी मला वाचायला दिलं. मथळा होता, 'मोटार का बंद पडते? एक वैज्ञानिक दृष्टी'. त्यात हवेचा दाब होता, निर्वात होता, शोषणव्यवस्था होती. झाकण सदोष असल्याचे आढळून आले, असंही होतं. ते झाकण आकाशातून पडलं होतं की कोणी शत्रुराष्ट्रानं बसवलं होतं, याचा उल्लेख नव्हता.

मी म्हटलं, "कोनी बनवलं ते लिहा. नाईतर मी हे प्रेसमध्ये नेणार नाई."

"पोरी, व्यक्ती महत्त्वाची नसते," बाबा म्हणाले. "प्रवृत्ती महत्त्वाची."

आई कणीक मळत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "त्या बुढीले गावातून हाकललं, तवा प्रवृत्तीले हाकललं होतं, का तिले?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. आई पुढं म्हणाली, "आन तिले वाचता येते काय? का गावातल्या कोनाले येते? तुमी तं आत्ता कुठी शिकवून राह्यले त्यायले." मग तिनं परात उचलली, वास घेतला आणि घासलेटाचा वास अजून जात नाही म्हणून पुन्हा घासायला घेऊन गेली.

पत्रक छापलं गेलं नाही. बाबांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि पुढच्या रविवारी आईलाही चल म्हणाले. चंद्रपूरच्या बाजारात नारळवाला आपलं पोतं घेऊन बसची वाट पाहत उभा होता. बाबांनी मोटार थांबवून त्याला बसायला सांगितलं. तो घाबरला, पण पोतं जड होतं. पंपावर टाकी भरल्यावर बाबा खाली उतरले आणि झाकण दोन्ही हातांनी, दात आवळून, पूर्ण फिरवलं. मी ते पाहिलं आणि पहिल्यांदा माझा राग थोडा उतरला.

चढाच्या शेवटी मोटार ठाण्यासमोर थांबली. बुढी इथं नसताना थांबली, हे सगळ्यांआधी नारळवाल्याच्या लक्षात आलं. तो पोत्यात हात घालायला लागला. बाबांनी त्याला मागं नेलं आणि झाकण फिरवायला सांगितलं. त्यानं ते नागाच्या टोपलीचं झाकण उघडावं तसं हात लांब करून उघडलं. सुस्स झालं, तो मागं उडाला. तोपर्यंत दोन-तीन ट्रक थांबले होते. बाबांनी गाडी सुरू करून दाखवली, बंद केली, पुन्हा सुरू केली. मग ते बोलायला लागले, हवेचा दाब म्हणजे काय, आणि माणसं पांगायला लागली.

नारळवाला झाकण हातात धरून उभा होता. माणूस हुशार होता, धंदा करणारा होता. त्यानं विचारलं, "हे झाकन कोनी असं बनवलं, बिनहवेचं?"

बाबांनी मोटारीकडे पाहिलं. आई मोटारीतून पाहत होती.

"म्या," बाबा म्हणाले.

"तुमी?"

"म्या बनवलं. लय मेहनतीनं बनवलं. गाडी देवानं नाई अडवली, बुढीनं नाई अडवली. म्या अडवली."

त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात वाईट भाषण होतं. त्यात एकही मोठा शब्द नव्हता. एक ड्रायव्हर आधी हसला, मग दुसरा, मग नारळवाला रस्त्यावर बसून हसला. देव न मानणाऱ्यानं आपल्याच गाडीचं नाक दाबून धरलं आणि दर रविवारी तिची नाडी पाहत बसला. त्या दिवशी बाजार होता, आणि आम्ही पोहोचण्याआधी गोष्ट बाजारात पोहोचली होती. बायका पदर तोंडाला लावून बाबांकडे पाहत होत्या. मंडळाची पत्रकं त्या भागात कित्येक वर्षं वाटली जात होती. बाबांची फजिती एकाच दुपारी त्यांच्या पुढं गेली. म्हातारी निर्दोष आहे असं कोणी म्हटलं नाही, कोणी माफी मागितली नाही. गावाला करणीपेक्षा चांगली गोष्ट मिळाली, म्हणून त्यांनी करणी सोडून दिली. काकांनी मात्र नंतर तब्येत सुधारल्यावर मला समजावलं की झाकण उघडायची बुद्धी वाघोबानंच दिली.

म्हातारीला आणायला आई आणि मी गेलो. बहिणीच्या अंगणात ती शेंगा सोलत होती. आईनं सांगितलेलं तिनं शेवटपर्यंत ऐकलं. ती लगेच आली नाही. बहिणीच्या गावी तिला पाणी भरू देत होते, आणि लोकांची हसण्याची हौस किती टिकते हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती नवं टोपलं घेऊन मोहाखाली दिसली. टोपल्यात सीताफळं होती, हंगामातली शेवटची. माणसं तिच्याशी बोलत होती, थट्टाही करत होती. पण टोपल्यातलं एकही फळ हललं नव्हतं. नारळवाल्याच्या गाडीपाशी गर्दी होती आणि तिच्या टोपल्याभोवती मोकळी जागा, जणू कोणी खडूनं आखलेली.

आई गाडीतून उतरून थेट त्या मोकळ्या जागेत जाऊन बसली. तिनं एक सीताफळ मागितलं, तिथंच फोडलं आणि सगळ्यांसमोर खायला लागली, बिया तळहातावर काढत, घाई न करता. मग मी बसले. बाबा उभे राहिले. माणसं पाहत होती, जागा चांगली होती, आणि मला दिसलं की त्यांचा हात खिशातल्या घडीकडे जातो आहे. त्यांनी घसा साफ केला, बंधूंनो म्हणायला तोंड उघडलं.

म्हातारीनं त्यांच्या हातात एक सीताफळ ठेवलं. "बोलू नका भाऊ," ती म्हणाली. "खा."

बाबा खाली बसले आणि खायला लागले. त्यांना फळ फोडताही धड येत नव्हतं, सगळा गर बोटांना लागला. कोणीतरी हसलं. मग नारळवाला आपल्या जागेवरूनच, कोणाकडे न पाहता विचारता झाला की पिकले आहेत का.

"तुले तं कच्चंच देईन," म्हातारी म्हणाली, आणि टोपल्यात हात घालून मऊ कोणतं ते चाचपायला लागली.